अर्धं तिकीट, अर्ध्या गोळ्या

आमच्या गावच्या एक मावशी महिन्यातून दोनदा पहाटे साडेपाचच्या एसटीनं जिल्ह्याच्या ठिकाणी जातात. सोबत मुलगा असतो. तो माझा विद्यार्थी. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता, गणितात बरा, अक्षर मात्र कोंबडीचे पाय. पुढे आयटीआय करून पुण्याकडे एका कारखान्यात लागला आणि तेविसाव्या वर्षी परत आला तो स्वतःशीच बोलत. आता पस्तिशी ओलांडली आहे. गोळ्या चालू असल्या की घरच्या म्हशींचं सगळं तोच बघतो, हाक मारली तर ओ देतो, मला अजून 'गुरुजी' म्हणतो. गोळ्या सुटल्या की दोन-तीन आठवड्यांत त्याची झोप जाते, मग जेवण सुटतं, मग आईनं वाढलेल्या ताटाकडेही तो संशयानं बघू लागतो.

मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मावशी निम्म्या पैशात जातात. मुलाचं पूर्ण लागतं. दोघांची दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी. आधी केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची, मग औषधाच्या खिडकीची. त्या खिडकीतून कधी पंधराच दिवसांच्या गोळ्या मिळतात, कधी तीन प्रकारच्या गोळ्यांपैकी दोनच. तिसरी 'बाहेरून घ्या'. म्हणून महिन्यातून दोन फेऱ्या. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. परतीच्या गाडीत मावशी म्हणाल्या, "तिकीट अर्धं लागते मले, अन् गोळ्याबी अर्ध्याच भेटतात." आणि हसल्या.

हे आधी सांगायचं कारण, खेड्यातल्या मानसिक आरोग्याबद्दल बोलायला कुणीही उभं राहिलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'लोकांमध्ये जागृती नाही.' दरवर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, हे वाक्य फलकावर चढतं. प्रभातफेरी निघते, चित्रकला स्पर्धा होते, बक्षीस म्हणून कंपासपेटी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, तेव्हा या पापात माझाही वाटा आहे. पोरांकडून घोषणा मीच पाठ करून घेतल्या आहेत. त्या फेऱ्या मावशींच्या दारावरूनच जायच्या. त्या दारात उभ्या राहून कौतुकानं पोरं बघायच्या. मुलाला आजार आहे, तो गोळ्यांनी आटोक्यात राहतो आणि गोळ्या सोडायच्या नसतात, हे त्यांना फेरीतल्या कुठल्याही मास्तरापेक्षा जास्त कळत होतं. त्यांना कुणी जागं करायची गरज नव्हती. त्या पहाटे चारलाच उठलेल्या असायच्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की गावात जागृती नाही ही तक्रार आता बंद करावी. ती खोटी आहे असं नाही, पण सोयीची आहे. तिच्यामुळे दोष आजारी माणसाच्या घरावर जातो आणि औषधाच्या खिडकीकडे कुणाचं लक्ष जात नाही. गावाला तीन गोष्टी हव्यात: प्राथमिक आरोग्य केंद्रात न चुकता मिळणारं औषध, दर महिन्याला भेटणारं तेच ते ओळखीचं माणूस, आणि त्या माणसाला फोनवर शहाणपण देणारा मानसोपचारतज्ज्ञ. यातली एकही गोष्ट अशक्य नाही, फार महागही नाही.

लोक उपचाराला जात नाहीत, हे अर्धसत्य आहे. ते जातात, फक्त आपल्या पुस्तकातली तक्रार घेऊन जात नाहीत. 'मला नैराश्य आलं आहे' असं गावात कुणी म्हणत नाही. 'अंग मोडून येतं', 'हातपाय गळून जातात', 'छातीत धडधडतं', 'डोक्यात मुंग्या चालतात', 'जेवण गोड लागत नाही' असं म्हणतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत 'टेन्शन' हा शब्दही चुलीपर्यंत पोचला आहे. बायका तर आणखी एक तक्रार घेऊन जातात, अंगावर पांढरं जातं म्हणून. गोव्यात संगाथ या संस्थेनं आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्या चमूनं या तक्रारीचा माग काढला, तेव्हा आढळलं की तिचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट आहे. म्हणजे ती बाई दवाखान्यात आलेली असते, आपल्याला सुचेल त्या भाषेत बोललेलीही असते. समोरचा तिला गोळ्यांची पुडी देतो, नाहीतर ताकदीची सुई टोचतो, फार झालं तर सलाईन लावतो. ती पैसे देऊन घरी जाते आणि महिन्यानं परत येते. जागृती नेमकी कुणाची करायची, हा प्रश्न मला इथं पडतो.

बेंगळुरूच्या निम्हान्स या केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. प्रौढांमध्ये १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि त्यांच्यातले शंभरातले ऐंशीहून जास्त उपचारांबाहेर होते. हा आकडा भाषणांत नेहमी लोकांच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून येतो. माझ्या मते तो दुकान बंद असल्याचा पुरावा आहे. बंद दुकानासमोर गिऱ्हाईक नाही म्हणून गावाला वस्तूच नको, असा निष्कर्ष कुणी काढेल का?

आता दुकानाचा इतिहास. देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा. त्यातली मूळ कल्पना आजही जुनी वाटत नाही: मानसिक आरोग्य प्राथमिक आरोग्य सेवेतच मिसळायचं, वेगळं काढायचं नाही. निम्हान्सनं कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात ते करून बघितलं, प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टरांना आणि आरोग्यसेवकांना शिकवून. त्यावरून १९९६ला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला, आधी चार जिल्ह्यांत, मग वाढत वाढत देशभर. पण 'जिल्हा' हा शब्द नावात होता आणि कार्यक्रम जिल्ह्याच्या गावीच रमला. जिल्हा रुग्णालयात एक खोली, एक मानसोपचारतज्ज्ञ (पद भरलेलं असलं तर), एक समाजसेवा अधीक्षक, महिन्यातून एखाद्या तालुक्यात शिबिर. मेळघाटातल्या धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, तेही घाटातून. तिथल्या कोरकू माणसाला अमरावतीची ती खोली आणि मुंबईचं मोठं इस्पितळ यांत फारसा फरक नाही. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार, आणि त्यांची नावं तर आमच्याकडे शिवी म्हणून वापरली जातात.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ वाढवा. वाढवावेतच. पण हिशोब करून बघा. देशात लाख लोकांमागे पाऊणच्या आसपास मानसोपचारतज्ज्ञ आहेत असं मानतात. लाखाला तीन असावेत, असं धरलं तर २०११च्या जनगणनेच्या सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्राला तेहतीसशेहून जास्त लागतील. ते शिकून तयार व्हायला किती वर्षं लागतील ते सोडा. तयार झाले तरी ते पुण्याच्या कोथरूडला दवाखाना थाटतील की नंदुरबारच्या अक्कलकुव्याला? त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बालरोगतज्ज्ञ तरी कुठं गेले अक्कलकुव्याला? माझीच मुलगी शहरात आहे आणि परत येणार नाही, तेव्हा दुसऱ्यांच्या मुलांकडून मी त्यागाची अपेक्षा करणं शोभत नाही.

ही अडचण महाराष्ट्राला नवी नाही आणि तिचं उत्तरही महाराष्ट्रानंच काढलेलं आहे. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला गेले. डॉक्टर गावोगाव मिळणार नाहीत हे त्यांनी ओळखलं आणि गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाचा न्यूमोनिया ओळखायला आणि प्रसंगी इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. तेव्हा भुवया उंचावल्याच होत्या. जेमतेम शाळा शिकलेली बाई बाळाला सुई टोचणार? १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज देशभर आशाताई घरी जाऊन बाळ तपासतात, त्याची पाळंमुळं तिथं आहेत. जी बाई दोन किलोच्या बाळाचा श्वास मोजू शकते, तिला शेजारणीचं रडणं समजणार नाही, असं मानायला आधार काय?

आणि मनाच्या बाबतीतही हे करून झालेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बोलायचं, नैराश्याचं माणूस ओळखायचं, साधं समुपदेशन करायचं, गरज असेल त्याला वरच्या डॉक्टरकडे न्यायचं. डॉ. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ला त्याचे आकडे मांडले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, दीड वर्षानं २७.२ टक्के झालं. नैराश्याचं प्रमाणही उतरलं. ही आधी आणि नंतरची तुलना आहे, शेजारच्या गावांशी लावून बघितलेली नाही, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही. तरीही उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण सहापट होतं, तीही विदर्भात, जिथं म्हणे जागृती नाही! त्या तीस गावांतली माणसं दीड वर्षात बदलली नव्हती. त्यांच्या दारात कुणीतरी आलं होतं.

नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' नावानं पुण्याच्या एका केंद्रानं असंच काम उभं केलं, जे पुढं गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात पसरलं. गोव्यात संगाथनं सामान्य पदवीधरांना समुपदेशक म्हणून तयार केलं. त्यांचा २०१०चा अभ्यास मला फार बोलका वाटतो. समुपदेशकांचा फायदा सरकारी आरोग्य केंद्रांत ठळक दिसला, खासगी दवाखान्यांत दिसला नाही. त्याची कारणं काहीही असोत, जिथं सुधारणेला सगळ्यात जास्त जागा आहे ते सरकारी केंद्रच आहे, एवढं मला त्यातून कळतं.

हे समुपदेशक नेमकं करतात काय? आमच्या एका मित्राला वाटायचं की ते माणसाला सतरंजीवर बसवून बालपण विचारत असतील. तसं काही नाही. नैराश्यात माणूस एक-एक गोष्ट सोडत जातो. पारावर जाणं सोडतो, भजन सोडतो, दाढी सोडतो, बाई असेल तर माहेरी फोन करणं सोडते. सोडल्यामुळे आणखी उदास होतो आणि उदास झाल्यामुळे आणखी सोडतो. गोव्यातल्या पद्धतीत समुपदेशक सहा ते आठ भेटींत त्याला सोडलेल्यातली एक-एक छोटी गोष्ट परत धरायला लावतो. उद्या फक्त चावडीपर्यंत चालत जा, परवा भावाला फोन कर. पुढच्या भेटीत विचारतो, जमलं का, नाही तर का नाही. आजी-मावश्या हेच सांगत आल्या, फक्त त्या सांगून थांबायच्या आणि हा पुढच्या आठवड्यात परत येऊन विचारतो. खरा उपचार या परत येण्यात आहे. म्हणून मी 'दर महिन्याला तेच ओळखीचं माणूस' यावर अडून बसलो आहे. शिबिरात आलेला डॉक्टर कितीही हुशार असला तरी परत येत नाही.

मग हे काम आशाताईंना द्या, असं लगेच कुणीतरी म्हणेल. सरकारनं तेच केलं. २०१५ला शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला. आशाताईंनी घरोघर जाऊन नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरायची, गुणांवरून माणूस किती जोखमीत आहे ते ठरवायचं. कल्पना वाईट नव्हती. पण ही प्रश्नावली प्रत्यक्ष कशी भरली जात असेल, ते डोळ्यांसमोर आणा. दुपारची वेळ, अंगण, बाजेवर सासू बसलेली, पोरं अवतीभोवती. आशाताई सुनेला नववा प्रश्न विचारते: गेल्या पंधरा दिवसांत मरून जावंसं, स्वतःला इजा करावीशी वाटलं का? सून सासूकडे बघते आणि 'नाही' म्हणते. शून्य गुण. समजा तिनं धीर करून 'हो' म्हटलं, तर आशाताईनं पुढे काय करायचं? तालुक्याला समुपदेशक नाही, केंद्रात गोळी नाही. माणसाच्या तोंडून असं वाक्य वदवून घ्यायचं आणि मग 'जिल्ह्याला जा' म्हणायचं, याला मी सेवा म्हणणार नाही. त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

शिवाय आशाताईंना किती जुंपायचं? राज्यात त्या सुमारे सत्तर हजार आहेत. गरोदर बाया, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, हिवताप, कोविडमध्ये घरोघर ताप मोजणं, वर ऑनलाइन नोंदी. पगार नाही, फक्त मानधन आणि कामामागे मोबदला, तोही उशिरा. २०२३च्या ऑक्टोबरात त्या संपावर गेल्या तेव्हा रस्त्यावर बसलेल्या त्या बायकांच्याच मानसिक आरोग्याची चौकशी कुणी केली नाही. त्यांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवणारा माणूस मला गावाचा हितचिंतक वाटत नाही. त्या नजर ठेवतील, निरोप देतील, बाईला केंद्रापर्यंत सोबत करतील. तेवढ्याचेही वेगळे आणि वेळेवर पैसे द्यावेत.

मुख्य काम करायला प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक पगारी मानसिक आरोग्य कार्यकर्ता हवा, शक्यतो बाई, शक्यतो त्याच पंचक्रोशीतली. शंभर टक्के वेळ याच कामाचा. एका केंद्राच्या वाट्याला तीस हजार लोक येतात, आदिवासी भागात वीस हजार. तीस हजारांत वीसेक हजार प्रौढ धरले आणि निम्हान्सचा आकडा लावला तर दोनेक हजार माणसं निघतात. एकटीला ते झेपणार नाही हे उघड आहे. पण त्या सगळ्यांना सारखीच निकड नसते. तीव्र आजाराची, माझ्या त्या विद्यार्थ्यासारखी, दीडशेच्या आसपास असतील. पहिली दोन वर्षं तिनं फक्त ती दीडशे माणसं आणि नुकतंच विष घेऊन वाचलेली माणसं सांभाळली तरी पुष्कळ झालं. राज्यात अठराशेच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. महिना पंचवीस हजार पगार धरला तर वर्षाला ५४ कोटी. प्रवास, प्रशिक्षण, देखरेख यांचे आणखी तेवढेच धरा. शहरात एखाद्या मोठ्या उड्डाणपुलालाच एवढे लागतात.

आता औषध. या विषयावर मी जरा जास्त बोलतो, घरचे म्हणतात. पण चर्चासत्रांत समुपदेशनाबद्दल भरपूर बोललं जातं आणि गोळीबद्दल कमी, कारण गोळीचा विषय रुक्ष आहे: मागणीपत्र, निविदा, साठा. दीर्घ आजाराच्या माणसाचं सगळं आयुष्य मात्र त्या साठ्याच्या रजिस्टरावर उभं असतं. ही औषधं दुर्मीळ नाहीत. फ्लुओक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही जुनी, पेटंटमुक्त, स्वस्त औषधं आहेत. रोजची गोळी विसरणाऱ्यांसाठी काही आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे, ते केंद्रातली नर्स देऊ शकते. एमबीबीएस डॉक्टरला ही औषधं लिहायला कायद्याची आडकाठी नाही, आडकाठी आहे ती भीतीची. तज्ज्ञानं सुरू करून दिलेलं औषध पुढं चालू ठेवायला तरी गावातल्या डॉक्टरला हरकत नसावी. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर आणखी पुढं जातो. अत्यावश्यक यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून (आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय) वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, आणि ठरलेली किमान सेवाही जिल्ह्यात मिळत नसेल तर जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारनं सोसायचा आहे. हा खर्च मागणारा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. मावशींना तर हे मी सांगेपर्यंत माहीतच नव्हतं. जागृतीच करायची तर या कलमाची करा, मी परत घोषणा पाठ करून घेईन.

क्षयरोगाच्या औषधांचं बघा. तिथं औषध गावात येतं, आशाताईच्या हाती असतं, एक दिवस चुकला तर विचारणा होते. कुष्ठरोगाच्या गोळ्या महिन्याच्या पत्त्यात मोफत मिळतात. माझ्या लहानपणी कुष्ठरोग्याला गावाबाहेर झोपडी होती. आज आमच्या गावात एक जण गोळ्या घेऊन बरा झाला आणि पतसंस्थेत संचालक आहे. भाषणांनी किती फरक पडला माहीत नाही, पण शेजारचा माणूस डोळ्यांदेखत बरा होताना दिसला, त्यानं नक्की पडला. 'वेडा' हा शब्दही तसाच झिजेल असं मला वाटतं.

सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ला 'टेली-मानस' सुरू केलं, १४४१६ हा क्रमांक, मराठीसह अनेक भाषांत, चोवीस तास आणि फुकट. चांगली सोय आहे, क्रमांक लक्षात ठेवावा. रात्री दोनला कुणाचा जीव घुसमटला तर बोलायला माणूस आहे, ही लहान गोष्ट नाही. पण धोरण ठरवणाऱ्यांना तिचा मोह पडताना दिसतो, कारण फोनला इमारत लागत नाही. ज्या घरात एकच फोन आणि तो नवऱ्याच्या खिशात, त्या घरातली बाई कुठं जाऊन बोलणार? मेळघाटात कित्येक पाड्यांवर रेंज शोधायला टेकडीवर चढावं लागतं. आणि फोनमधून गोळी बाहेर येत नाही. फोनचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. तो केंद्रातल्या त्या कार्यकर्तीच्या आणि डॉक्टरच्या हाती द्या, पलीकडे मानसोपचारतज्ज्ञ बसवा. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी दोन तास. एका तज्ज्ञानं असे वीस-पंचवीस केंद्रांचे गुरुजी व्हावं. माझ्या मुलीच्या पिढीचे डॉक्टर गावात राहायला येणार नाहीत, पण मंगळवारी अकरा ते एक फोनवर बसतील.

देवऋषी, भगत, मेळघाटात भुमका, अमावास्येच्या वाऱ्या, दर्गे. या विषयावर मी पूर्वी फार तावातावानं बोलायचो. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या मनोरुग्णांच्या आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांत बांधलेली २८ माणसं जागची हलू न शकल्यानं मेली. ती बातमी वर्गात वाचून दाखवताना माझा आवाज चढला होता. आजही मारहाण, चटके, साखळी यांना माफी नसावी. २०१३चा आपल्या राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा आणि केंद्राचा २०१७चा कायदा, दोन्ही त्यासाठी वापरावेत. पण एक गोष्ट मला उशिरा कळली. भगताकडे रांगेत केसपेपर लागत नाही, तो 'कुठलं गाव, कुणाची सून' विचारतो, सगळं घर एकत्र बसून ऐकतं, आणि तो पुढच्या अमावास्येला त्याच जागी असतो. यातलं एकही काम आपली आरोग्य यंत्रणा करत नाही. मेहसाणा जिल्ह्यातल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' म्हणून प्रयोग झाला, दुआ करायला येणाऱ्यांना तिथंच डॉक्टरही भेटावा असा. त्यावरही आक्षेप आहेत, काही मला पटतात. तरी माणसं जिथं जमतात तिथं जायला लाज कसली, हा प्रश्न राहतोच. आणि घरात साखळी लावणारी आई? तिच्यावर गुन्हा दाखल करायच्या आधी ती कापूस वेचायला जाते तेव्हा पोराजवळ कोण बसतं, ते विचारावं. तशा घरात पोलीस जाण्याआधी गोळी पोचली पाहिजे.

शेतकरी संघटनेतले माझे मित्र या सगळ्यावर एक रास्त आक्षेप घेतात. कापसाला भाव नाही, कर्ज डोक्यावर, आणि तुम्ही समुपदेशक पाठवता? २०२२मध्ये राज्यात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सर्वाधिक, त्यात शेतकरी आणि शेतमजूर ४,२४८. कर्जाचं उत्तर समुपदेशन नव्हे, हे मला मान्यच आहे. समुपदेशनाच्या नावाखाली भावाचा प्रश्न गाडला जात असेल तर मीही मोर्चात येईन. पण कर्ज असलेल्या शंभर घरांतला एकच माणूस विषाच्या डब्याकडे हात का नेतो, हाही प्रश्न आहे आणि तो डबा खाटेखाली का असतो हाही. श्रीलंकेनं १९९५पासून सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली, पुढच्या दोन दशकांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरलं. त्यासाठी कुणाचं मन वळवावं लागलं नाही.

विष घेऊन वाचलेल्या माणसाला आपण भेटतो कसे? ग्रामीण रुग्णालयात त्याचं पोट धुतात, पोलीस जबाब घेतात, 'चुकून प्यायलो' असं सगळे मिळून लिहितात, आठव्या दिवशी घरी. २०१७च्या कायद्यानं अशा माणसाला तीव्र ताणाखाली होता असं मानून शिक्षेपासून वाचवलं आणि त्याची काळजी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४पासून आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमही गेलं. तरी जबाब अजून 'चुकून'चाच लिहिला जातो, आणि घरी गेल्यावर त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. माझ्या हातात असतं तर त्या कार्यकर्तीचं पहिलं काम हेच ठेवलं असतं: घरी आल्यापासून तीन महिने, दर आठवड्याला, चहा प्यायला म्हणून का होईना, त्या घरी जायचं.

गेल्या महिन्यात मावशींना घेऊन मी आमच्याच आरोग्य केंद्रात गेलो. त्यांनी औषधाच्या खिडकीत पोराचा कागद सरकवला आणि विचारलं, "हे इथंच भेटन काय जी?" खिडकीतल्या मुलीनं कागद नीट वाचला, मान हलवली आणि परत दिला. बोलायला चांगली होती बिचारी. खिडकीशेजारी भिंतीवर तेलरंगात मोठी यादी रंगवलेली आहे, केंद्रात उपलब्ध औषधांची. त्यात पोराच्या तीनपैकी दोन गोळ्यांची नावं होती. पुढच्या रकान्यात 'आजचा साठा' लिहिलेलं, त्याखाली काही नाही. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "काय लिवलं हाय गुरुजी?"

मी म्हटलं, "यादी आहे." पुढची एसटी चौदा तारखेची.